पारोचा दगड, अडेलाची गुहा

इंग्रजी अमदानीवरच्या कादंबऱ्या वाचताना मराठवाड्यातल्या वाचकाला थोडं परकं वाटतं. त्यांतला कलेक्टर, त्याचा क्लब, बंगल्यापुढची हिरवळ, संध्याकाळचं टेनिस हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणींत नाही. आपल्यावर निजामाचं राज्य होतं. गोरा साहेब होता तो औरंगाबाद आणि जालन्याच्या छावणीत, आणि त्याहून मोठा साहेब हैदराबादच्या रेसिडेन्सीत. गावात हुकूम यायचा तो तालुकदार, तहसीलदार, पाटील-पटवारी अशा पायऱ्या उतरत. त्यामुळे त्या सगळ्या गोष्टींत आपला मुलूख कुठे नाहीच, असं कुणी म्हटलं तर सहज पटतं.

पण तो आहे, आणि मोक्याच्या जागी आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१३ च्या मार्चमध्ये औरंगाबादला आला होता. अबू सईद मिर्झा नावाचा तरुण मुन्सफ त्याचा यजमान होता. या मुक्कामात फॉर्स्टरने वेरूळची लेणी पाहिली. आणि इथेच एकदा बोलता बोलता सईद भडकला: पन्नास वर्षं लागोत नाहीतर पाचशे, आम्ही तुम्हाला इथून घालवणारच. अकरा वर्षांनी, १९२४ मध्ये, ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी आली, तेव्हा तिच्या शेवटच्या पानांत डॉक्टर अझीझ घोड्यावरून जाता जाता आपल्या इंग्रज मित्राला, फील्डिंगला, जवळपास हेच सुनावतो. कादंबरी ज्याला अर्पण केली आहे तो सय्यद रॉस मसूद पुढे हैदराबाद संस्थानाच्या शिक्षण खात्याचा प्रमुख झाला. माझ्या आजोबांनी ज्या उर्दू शाळेत पाढे पाठ केले, ती त्याच खात्याची शाळा.

मी सिल्लोडकडच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. ही कादंबरी आणि तिच्यावरचा डेव्हिड लीनचा १९८४ चा सिनेमा मी मुलामुलींपुढे जोडीनं ठेवते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, गुहेत नेमकं झालं काय?” तो रास्त आहे, पण मला त्याच्याही आधीचा एक प्रश्न छळतो. राज्य कुणाचं, कुणाला कुणावर हुकूम चालवायचा हक्क, हे पुरुषांचं भांडण. मग ते लढायला गोष्टीला बाई का लागते? आणि पुस्तकाचा सिनेमा झाला की त्या बाईवरचा भार हलका व्हायच्या ऐवजी वाढतो का?

गोष्ट थोडक्यात अशी. अडेला क्वेस्टेड ही इंग्रज तरुणी चंद्रापोर या कल्पित गावी येते. तिथला मॅजिस्ट्रेट रॉनी तिचा होणारा नवरा, आणि त्याची आई मिसेस मूर तिच्या सोबतीला. अझीझ या दोघींना मारबारच्या गुहा दाखवायला नेतो. अडेला एका गुहेत शिरते आणि धावत बाहेर पडते. अझीझनं आपल्यावर हात टाकला असा आरोप होतो, खटला उभा राहतो आणि ऐन साक्षीत ती आरोप मागे घेते.

हा खटला फॉर्स्टरने हवेतून काढलेला नाही. १८८३ साली इल्बर्ट विधेयक आलं, तेव्हा हिंदी न्यायाधीशांना मुफसलात, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या जिल्ह्यांत, गोऱ्यांवरचे खटले चालवता यावेत एवढंच त्यात होतं. त्यावर देशभरच्या गोऱ्यांनी काहूर माजवलं, आणि त्यात पुढे केलेला एक मोठा मुद्दा म्हणजे गोऱ्या बायकांची अब्रू: आमच्या बायका काळ्या न्यायाधीशापुढे उभ्या राहणार का? सरकारला माघार घ्यावी लागली. निम्मे तरी ज्यूरी गोरे असावेत असं मागायचा हक्क गोऱ्या आरोपीला मिळाला. पुढे एप्रिल १९१९ मध्ये अमृतसरच्या गल्लीत मार्सेला शेरवुड या मिशनरी बाईला जमावानं मारहाण केली, आणि डायरनं त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाला पोटावर सरपटत जायला लावलं. शेरवुडबाईंना वाचवलं होतं ते तिथल्याच हिंदी लोकांनी. हे सगळं कादंबरीच्या पाठीशी उभं आहे. म्हणून फॉर्स्टरनं अझीझचा खटला दास नावाच्या हिंदी मॅजिस्ट्रेटपुढे चालवला आहे आणि म्हणूनच आरोपानंतरचा क्लबातला प्रसंग इतका अंगावर येतो. ‘बायका आणि मुलं’ हे शब्द दोन-चारदा उच्चारले गेले की पुरुषांना शहाणपण सोडायची मुभाच मिळते, असं तो तिथे लिहितो. त्या क्लबात अडेलाची चौकशी कुणाला करायची नसते. आदल्या दिवसापर्यंत ती कुणाला विशेष आवडतही नसते. आता मात्र ती एक बाई राहिलेली नाही. सगळ्या साम्राज्याची इज्जत तिच्या अंगावर चढवली आहे.

फॉर्स्टरचं हे पाहणं इतकं धारदार आहे की तो स्वतः बायकांशी कुठे तोकडा पडतो ते पटकन ध्यानात येत नाही. अडेला त्याला फारशी आवडत नाही. तिचं हाडकुळं अंग, चेहऱ्यावरचे ठिपके, सगळं समजून घेण्याची तिची कोरडी धडपड यांच्याकडे तो सारखं बोट दाखवतो. मला याचं कारण त्या कादंबरीतल्या खऱ्या प्रेमकथेत दिसतं. ती प्रेमकथा अझीझ आणि फील्डिंग या दोन पुरुषांची आहे. फॉर्स्टरचं मसूदवर प्रेम होतं, आणि ते प्रेम त्याला कुठे उघड लिहिता येत नव्हतं. याच हिंदुस्थानच्या प्रवासाहून परतल्यावर त्यानं दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहायला घेतली, आणि ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये. म्हणजे जो लेखक पुरुषपणाच्या ठरलेल्या साच्यात स्वतः घुसमटत होता, त्याच्याच कादंबरीत दोन मित्रांच्या मध्ये येते ती बाई. तिच्यामुळे मैत्री तुटते. हे मला फार दुःखाचं वाटतं.

आणि हिंदी बायका? सुरुवातीला ब्रिज पार्टी नावाचा एक प्रसंग आहे. गोऱ्यांनी काळ्यांना बागेत बोलवायचं, दोन्ही बाजूंत पूल बांधायचा, असा बेत. बायका एका कडेला घोळक्यानं उभ्या. कलेक्टरची बायको मिसेस टर्टन हिला उर्दू येतं, पण नोकरांशी बोलायला शिकलेलं. अदबीचं एक रूप येत नाही, क्रियापदं सगळी आज्ञार्थी. ज्यांच्या घरी-दारी दखनी बोलली गेली त्यांना या एका तपशिलाची बोच वेगळी सांगायला नको. समोरच्या बायकांपैकी कुणी पॅरिस पाहून आलेली निघते, कुणाला इंग्रजी कळत असतं, आणि मिसेस टर्टनला तो आपला अपमान वाटतो. प्रसंग पान-दीड पानाचा. पुढे खटल्याच्या दिवसांत एक वाक्य येतं: शहरातल्या मुसलमान बायकांनी अझीझ सुटेपर्यंत अन्न घ्यायचं नाही अशी शपथ घेतली, त्या मेल्या असत्या तरी फरक पडला नसता, कारण कुणाच्या दृष्टीला पडत नसल्यानं त्या आधीच मेल्यासारख्या होत्या. हे वाक्य वर्गात वाचून दाखवलं की मुली गप्प होतात. फॉर्स्टरला दिसत होतं की आपल्याला दिसत नाहीये. औरंगाबादेत काय, पाटण्यात काय, तो पुरुष पाहुणा. अशा घरांतला मर्दाना, म्हणजे पुरुषांचा भाग, तेवढा त्याच्यापुढे उघडा.

याच कादंबरीत एक फोटो आहे. आजारी अझीझला भेटून फील्डिंग निघतो, अझीझ त्याला परत हाक मारतो आणि खणातून आपल्या बायकोचा फोटो काढून दाखवतो. ती बाळंतपणात गेलेली. ‘तिच्या समोर आलेले तुम्ही पहिलेच इंग्रज’ अशा अर्थाचं तो काहीतरी म्हणतो. फील्डिंगला कळतं की यापेक्षा मोठा मान तो देऊ शकत नाही. लीनच्या सिनेमातही हा प्रसंग आहे आणि व्हिक्टर बॅनर्जीनं तो सुंदर केला आहे. पण काय देवघेव चालली आहे बघा. दोन पुरुषांमधला विश्वास सिद्ध करायला एका मेलेल्या बाईचा पडदा उघडला जातो. तिच्या बाजूनं तिथे कुणीही नाही.

आता सिनेमा. लीनला अडेलाबद्दल फॉर्स्टरपेक्षा जास्त ममत्व आहे, हे आधी मान्य करायला हवं. सिनेमा सुरूच होतो तो लंडनच्या पावसात, बोटीचं तिकीट काढायला आलेल्या अडेलापासून, आणि संपतो तोही तिच्यावर. कादंबरी तिला इंग्लंडला पाठवून विसरून जाते. जुडी डेव्हिसच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ थांबतो की त्या मुलीची एकटेपणाची भीती आपल्यालाही लागते. कादंबरीपेक्षा सिनेमातली अडेला मला जास्त जवळची वाटते, ती या अभिनेत्रीमुळे.

माझी तक्रार आहे ती लीननं पदरचा घातलेल्या एका प्रसंगाबद्दल. अडेला एकटीच सायकलवरून रानात जाते. उंच गवतात तिला एक पडकं देऊळ सापडतं, भिंतींवर मिथुनशिल्पं. ती बघत राहते, तिचा श्वास जड होतो, आणि देवळावरची माकडं चीत्कार करत तिच्यावर धावून येतात. ती घाबरून पळते आणि रॉनीला नाही म्हटलेलं मागे घेते. कादंबरीत असं काही नाही. तिथे गुहेकडचा चढ चढता चढता अडेलाच्या लक्षात येतं की आपलं रॉनीवर प्रेमच नाही, आणि प्रेम नसलेलं लग्न करायचं का याचा ती विचार करत असते. अझीझला ती तुम्हाला बायका किती असं विचारून बसते, तो दुखावतो आणि सावरायला दुसऱ्या गुहेत शिरतो. लेखक तिच्याबरोबर गुहेत जात नाही. आपण अझीझबरोबर बाहेर राहतो. त्याला सापडते ती तिची दुर्बीण, पट्टा तुटलेली. लीन मात्र आपल्याला तिच्याबरोबर आत नेतो. काडी पेटते, काडी विझते, तोंडाशी अझीझची काळी आकृती उभी राहून तिला हाक मारते. माकडांचा प्रसंग आधी पाहिलेला असल्यानं प्रेक्षकाच्या मनात उत्तर तयारच असतं: हिची वासना दबलेली होती, तिनंच हिला झपाटलं. लग्नाचा विचार करणारी बाई गेली आणि तिच्या जागी विचार न झेपणारं शरीर आलं. राज्याबद्दलचा सगळा सवाल एका बाईच्या मनोविकारात मिटवून टाकला.

वेरूळच्या जवळ वाढलेल्या माणसाला हा प्रसंग मुळातच पटत नाही. कैलास लेण्यात शाळेच्या सहली येतात. मिथुनशिल्पांपाशी मुली तोंडावर रुमाल धरून हसतात, एकमेकींना कोपर मारतात, बाई ओरडल्या की पुढे सरकतात आणि थोड्या वेळानं त्याच ओवरीत डबे उघडून चटणी-पोळी खातात. दगडातली जोडपी बघून कुणाचं डोकं फिरलेलं मी ऐकलेलं नाही. शिल्प बघून बाईचा तोल जाईल, ऊन लागून जाईल, हिंदुस्थान पाहून जाईल, ही भीती क्लबातल्या पुरुषांची होती. कादंबरीनं ती उघडी पाडली होती. साठ वर्षांनी सिनेमानं तीच परत खरी करून दाखवली.

फॉर्स्टरच्या मारबार गुहा ज्यांवरून घेतल्या त्या बिहारातल्या बराबर डोंगरातल्या, मौर्यकाळात आजीविक साधूंसाठी कोरलेल्या. आतून आरशासारख्या घासलेल्या, मूर्ती नाही, चित्र नाही. आवाज केला की घुमतो. आपल्याकडे लेणं म्हणजे माणसांनी भरलेली जागा. अजिंठ्याच्या भिंतींवर राण्या आहेत, दासी आहेत, आरशात पाहणाऱ्या आहेत, मूर्च्छा आलेल्या आहेत. तिथे पोकळीची भीती वाटायला जागा नाही. आणि तरीही एका इंग्रज बाईची गोष्ट याच अजिंठ्यातून निघून फॉर्स्टरच्या कादंबरीपर्यंत गेली असावी, असा तर्क अभ्यासकांनी मांडलेला आहे.

ती क्रिस्तियाना हेरिंगहॅम. स्वतः चित्रकार, अंड्याच्या बलकात रंग कालवून चितारायच्या टेम्पेरा पद्धतीची जाणकार, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची पाठीराखी. १९०९ ते १९११ च्या दरम्यान तिनं अजिंठ्याला तंबू ठोकून भित्तिचित्रांच्या प्रती काढल्या. बरोबर कोण होतं बघा: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त, हैदराबाद संस्थानातले सय्यद अहमद, आणि डोरोथी लार्चर ही तरुण इंग्रज चित्रकर्ती. अंधाऱ्या दालनात, वटवाघळांच्या वासात, शिडीवर उभं राहून रेघ पकडायची. १९१५ मध्ये हे काम पुस्तकरूपानं आलं. पण हेरिंगहॅमबाई परतल्या त्या मनानं कोलमडून. कुणीतरी आपल्या मागावर आहे असं त्यांना वाटत राहिलं, आणि १९२९ मध्ये मरेपर्यंतची वर्षं त्यांनी मनोरुग्णांच्या आश्रमांत काढली. मिसेस मूर यांच्यावरून सुचली असावी, असं ते अभ्यासक म्हणतात. तर्क खरा असो नसो, मला त्यात दिसतं ते हे, की कादंबरीत गेलेली बाई म्हणजे गुहेतून मन हरवून बाहेर आलेली बाई. शिडीवर चढून रेघ ओढणारी गेली नाही. वर्षानुवर्षं ज्या कामात ती बुडालेली होती ते काम गोष्टीच्या उपयोगाचं नव्हतं. तिचं आजारपण होतं.

अजिंठ्याचीच दुसरी गोष्ट आपल्याला जास्त ओळखीची आहे. लेण्यांपासून घाट चढून वर आलं की अजिंठा गाव लागतं. असईच्या १८०३ च्या लढाईनंतर वेलस्लीच्या फौजेतले जखमी इथल्याच कोटात आणून ठेवले होते. या गावातल्या बारादरीत रॉबर्ट गिल राहिला. मद्रास फौजेतला हा अधिकारी कंपनी सरकारनं १८४४ मध्ये चित्रांच्या प्रती काढायला नेमला. त्यानं उभी हयात त्यात घातली. त्यातली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. १८७९ मध्ये तो गेला, भुसावळला त्याची कबर आहे. आणि अजिंठा गावात पारोचा दगड आहे: माझी लाडकी पारो, मृत्यू २३ मे १८५६, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. गिलला लग्नाची बायको होती, मुलंबाळं होती. पारोबद्दल लिखित म्हणावं असं जवळपास एवढंच, आणि तेही साहेबानं कोरून घेतलेलं, तिच्या गावात कुणाला वाचता येणार नाही अशा लिपीत.

या दगडावर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ ही दीर्घकविता उभी केली. महानोर पळसखेड्याचे, लेण्यांच्या पायथ्याच्या मुलखातले; त्यांची पारो कवितेत येते ती इथल्या पाना-पाण्यातून. त्या कवितेवर नितीन देसाईंनी २०१२ मध्ये सिनेमा केला, सोनाली कुलकर्णी पारो, फिलिप स्कॉट वॉलेस गिल. (देसाई आणि महानोर दोघेही ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसाच्या अंतरानं गेले. त्या आठवड्यात आमच्या भागात दुसरा विषय नव्हता.) देसाई जातीचे कलादिग्दर्शक. सिनेमातली पारो भिंतीवरच्या चित्रांसारखी नटलेली, दागिन्यांनी मढलेली दिसते. कवितेत हे चालतं, नव्हे, तिथे ते हवंच, कारण कवितेतली पारो वाचणाऱ्याच्या मनात आकार घेते आणि दर ओळीला बदलते. पडद्यावर तिला एक देह मिळतो, एक रंग मिळतो आणि मग ती प्रेमात पडण्यावाचून दुसरं काही करताना दिसत नाही. गिलला काम आहे, ध्यास आहे, अपयश आहे. पारोला गिल आहे.

मुलांना घेऊन त्या दगडापाशी गेले होते तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला पारोची गोष्ट सांगितली, गाणं म्हणावं तशी. सायबाला ताप भरला की पारो उशाशी बसायची, पारो रंगासाठी रानातून पाला आणायची, माती आणायची. ऐकता ऐकता फर्दापूरकडची एक मुलगी मला हळूच म्हणाली, “मॅडम, मंग तिला काही पैसे भेटायचे का?” मी आजवर वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटला. तिची आई रोजंदारीनं कापूस वेचायला जाते. पाला गोळा करणं, माती चाळणं, पाणी भरणं ही कामं आहेत, त्यांना दिवसाचा भाव असतो, हे तिला ठाऊक आहे. प्रेम म्हटलं की या कामाचा हिशेब थांबतो. आणि अंमल करणारा पुरुष, अंमलाखालची बाई, ही जोडी असली की तो कुणी मागतही नाही.

हे फक्त गोऱ्यांच्या बाजूनं घडतं असं मात्र नाही. ज्या १९८४ साली व्हिक्टर बॅनर्जी लीनचा अझीझ झाला, त्याच वर्षी तो सत्यजित रायांच्या ‘घरे बाइरे’मध्ये निखिलेश झाला. रवींद्रनाथांची कादंबरी १९१६ ची, पार्श्वभूमी वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीची. जमीनदार निखिलेश आपल्या बायकोला, बिमलाला, इंग्रज शिक्षिका ठेवून शिकवतो आणि तिनं अंतःपुराबाहेर यावं म्हणून आग्रह धरतो. ती बाहेर येते आणि त्याच्या मित्राकडे, संदीप या पुढाऱ्याकडे ओढली जाते. संदीप तिला मक्षीराणी म्हणतो, देशाची शक्ती म्हणतो, आणि तिच्याच हातून नवऱ्याच्या तिजोरीतले पैसे काढवतो. क्लबानं अडेलाला साम्राज्याची अब्रू केलं, संदीपनं बिमलाला मातृभूमी केलं. उलटसुलट बाजूंचे पुरुष, पण बाईकडून मागणी एकच: तू पूजेला बस, आम्ही तुझ्या नावानं लढतो. निखिलेशही यातून पुरता सुटत नाही. बायकोनं मोकळं व्हावं ही त्याची इच्छा खरी आहे, पण कधी आणि कसं हे त्यानंच ठरवलेलं.

रवींद्रनाथांनी एक फार मोठी गोष्ट केली होती. कादंबरी तिघांच्या आत्मकथनांतून पुढे सरकते, आणि पहिला शब्द बिमलाचा. ती आईच्या भांगातलं कुंकू आठवून बोलायला लागते. आपण चुकलो, का चुकलो, त्यात सुख काय होतं, हे ती स्वतः सांगते. राय मोठेच. पती-पत्नी अंतःपुराच्या लांब गच्चीवजा वाटेवरून रंगीत काचांच्या उजेडातून बाहेर चालत येतात तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. तिच्या पावलांत भीती आणि अभिमान एकत्र आहेत, आणि एक शब्द न बोलता ते कळतं. पण शेवट त्यांनी बदलला. कादंबरीत निखिलेश डोक्याला जबर मार लागून परत आणला जातो, तो जगतो की जातो ते लेखक सांगत नाही. सिनेमात तो मरतो, आणि पडद्यावर बिमलाचं रूप पायरीपायरीनं विधवेचं होत जातं. आईच्या कुंकवापासून निघालेली गोष्ट कुंकू पुसून संपते. रायांना यात बिमलाची शिक्षा दाखवायची होती असं मला वाटत नाही, तिचं दुःख दाखवायचं होतं. तरी माझं यावर समाधान होत नाही. बाहेर पडलेल्या बाईच्या वाट्याला पडद्यावर हेच चित्र इतक्यांदा आलं आहे की ते दुःख म्हणून वाचलं जात नाही, निकाल म्हणून वाचलं जातं. माझ्या मावशीनं हा सिनेमा माझ्या घरी पाहिला आणि उठता उठता म्हणाली, “शेवटी तिलाच भोगायला लावलं बघ.” संदीप तर आगगाडीत बसून केव्हाच निघून गेलेला असतो.

बाईनं लिहिलं तर फरक पडतो का? थोडा पडतो. रूथ प्रॉवर झाबवालांची ‘हीट अँड डस्ट’ १९७५ ची. सिनेमाची पटकथाही त्यांचीच, चित्रण झालं ते हैदराबादेत. नवाबाच्या प्रेमात पडून बंगला सोडणाऱ्या ऑलिव्हियाची ही गोष्ट, पण तिथे नवाबाची आई, बेगम, जनान्यात बसून साऱ्या दरबाराचे धागे हलवते. पडद्यामागच्या बाईलाही सत्ता असते, आणि ती क्रूर असू शकते, हे फॉर्स्टरला मर्दान्यात बसून दिसणं शक्य नव्हतं.

आपल्या भागात तर असं किती आहे. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांविरुद्ध लढल्या, मुक्तिसंग्रामात हत्यारं पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, भूमिगतांना भाकरी करून घालणाऱ्या बायका गावोगाव होत्या. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की भाषणात त्यांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. त्यांच्यावरची कादंबरी, तिच्यावरचा सिनेमा, त्यात भाकरी करणाऱ्या बाईच्या जागी उभा राहिलेला कॅमेरा, हे मला पाहायचं आहे. रात्री-अपरात्री चूल पेटवली तर धूर दिसतो, कुत्री भुंकतात, पिठाचा हिशेब सासू विचारते. युद्धपटाला लागणारा सगळा ताण त्या चुलीपाशी आहे.

तोवर मी वर्गात एक काम देते. पारोचा एक दिवस लिहून आणा, गिल त्यात असला तरी चालेल, नसला तरी चालेल. मुलांचे उतारे बहुतेक विरहाचे येतात, पाऊस, धबधबा, डोळ्यांत पाणी. मुलींचे वेगळे येतात. एकीनं लिहिलं, साहेबाच्या घोड्याला वैरण कुणी घालायची यावरून पारोचं आणि आचाऱ्याचं भांडण. एकीची पारो दालनात उजेड पाडायला पांढरा कपडा धरून उन्हात उभी आहे, हात भरून आलेत, आणि ती मनात मोजते आहे की सूर्य कलायला अजून किती वेळ. फर्दापूरच्या त्या मुलीनं पारोला लेण्यात स्वतः कोळशानं एक रेघ ओढायला लावली आणि ती बरोबर आली आहे हे तिला कळतं, एवढ्यावर उतारा थांबवला. स्नेहसंमेलनात हाच उतारा बसवायचं ठरलं आहे. पारो कोण होणार यावरून मुलींत आत्तापासून धुसफुस सुरू आहे, आणि गिल व्हायला अजून एकही मुलगा तयार नाही, कारण त्याला त्यात बोलायला वाक्यच नाही.